धुरा, पांधण आणि रिपोर्ट



खंडेश्वराच्या या गावात तुम्ही साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर एका निवृत्त लॅब टेक्निशियनला बसवलंत. माझ्या नावावर दोन कथासंग्रह आहेत हे खरं. पण आयुष्य गेलं ते थुंकीच्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवण्यात. साहित्याच्या प्रवाहांवर बोलण्याचा आव मी आणत नाही. मला बोलायचंय ते कोरोनाच्या साथीत आपल्या अमरावती जिल्ह्याला कुंपण पडलं होतं त्या दिवसांबद्दल. त्यावर आपण लिहिलं काय, तर टाळ्या-थाळ्यांच्या विनोदी कविता. दोन-तीन माझ्याही आहेत. माफी असावी.

२३ मार्च २०२० ला राज्यात संचारबंदी जाहीर झाली आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. इथून यवतमाळच्या रस्त्यानं निघालं की नेर लागते. जिल्हा बदलतो तो कागदावर. माती तीच काळी, कपाशी तीच, बोली तीच, आणि सोयरिकी तर दोन्हीकडं. आपल्याकडं बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्यावरून सख्ख्या भावांची डोकी फुटतात, अन् वैशाखात त्याच धुऱ्यावरच्या निंबाखाली दोघं भाकरी सोडून बसतात. धुरा आहे म्हणून येणं-जाणं थांबत नाही, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. त्या मार्चमध्ये पहिल्यांदा धुऱ्यावर पोलीस उभा राहिला.

गावंही मागं राहिली नाहीत. बोरी-बाभळीच्या काट्या रस्त्यावर आडव्या पडल्या. पुण्याहून, मुंबईहून चालत आलेल्या पोरांना आपल्याच गावाच्या वेशीवर नाव-गाव सांगावं लागलं. शहाण्या माणसांनी गावकऱ्यांना नावं ठेवली. मी ठेवत नाही. ज्या गावाला दवाखान्यासाठी तालुका गाठावा लागतो, त्याच्या हाती काटीशिवाय होतं काय?

पण काटी पक्क्या रस्त्यावर होती, नाकाबंदीही पक्क्या रस्त्यावर. पांधण, म्हणजे वावरांतली गाडीवाट, मोकळीच होती. बैलगाडीच्या चाकोऱ्यांतून मोटरसायकली गेल्या, रात्री गेल्या, दिवे विझवून गेल्या. कुणी आजारी बापाला भेटायला, कुणी मयतीला, कुणी बियाण्याचे पैसे आणायला. नाक्यावर निदान एक वही होती, तापमान मोजायचं ते पिस्तूल होतं. पांधणीवर वही नव्हती. गेलेला माणूस आला तरी ‘मी गेलोच नव्हतो’ म्हणू लागला, आणि ताप आला तर ‘ऊन लागलं’ म्हणू लागला. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे, राजेहो: सीमा बंद आणि रिपोर्टचा पत्ता नाही, हे दोन्ही एकत्र आलं की माणूस रोग लपवतो. नुसती सीमा बंद असती तर लोकांनी सोसलं असतं. नुसता रिपोर्ट उशिरा आला असता तरी सोसलं असतं.

आता रिपोर्टचं सांगतो. तो माझा प्रांत आहे. सुरुवातीला आपल्या जिल्ह्याचे नमुने नागपूरला जात. नाका-घशातून काढलेली काडी गुलाबी द्रवाच्या नळीत, नळी पिशवीत, पिशवी डब्यात, डबा बर्फात, बर्फ गाडीत. दीडशे किलोमीटर. माणसाला वर्धा नदी ओलांडायला पास लागत होता; त्याच्या घशातली काडी मात्र बिनपासाची नदीपार जाऊन आली! अमरावती शहरातला पहिला रुग्ण २ एप्रिलला वारला आणि त्याचा रिपोर्ट आला ४ एप्रिलला. आपल्या जिल्ह्याला साथ कळली ती अशी, माणूस गेल्यावर.

एप्रिलमध्ये अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि मे महिन्यात संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात प्रयोगशाळा सुरू झाली. हातात खराटा घेऊन गावात शिरणाऱ्या बाबांच्या नावानं विषाणू शोधायचं यंत्र चालावं, हे मला फार आवडलं. पण यंत्र आलं म्हणजे वेळ वाचला, असं नसतं. आरटीपीसीआरला खरे लागतात पाच-सहा तास. त्या यंत्राच्या ताटलीला ९६ खळगे असतात. ताटली भरायची वाट पाहिली जाते. मग किट संपतं. मग नळीवरचं नाव आणि अर्जावरचं नाव जुळत नाही. मोबाइलचा एक आकडा चुकलेला असतो, म्हणून निगेटिव्ह माणूस शाळेच्या खोलीत पॉझिटिव्हांशेजारी आणखी दोन रात्री काढतो. माझ्या पुतण्याचा रिपोर्ट सहाव्या दिवशी आला. तोवर तो ज्यांच्याबरोबर जेवला त्यातले दोघं तापले होते. याला कुणी एक माणूस जबाबदार नव्हता. जिल्हा बंद करायला एक आदेश पुरतो. तपासायला माणसं, बर्फ, डिझेल आणि शुद्ध अक्षर लागतं. म्हणून बंद करणं नेहमी आधी होतं.

हे नवं नाही. राज्यानं मार्च २०२० मध्ये लागू केला तो साथरोग कायदा १८९७ चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. तेव्हाही रेल्वेच्या स्टेशनांवर प्रवासी उतरवून तपासत, संशयितांना छावणीत टाकत. तेव्हा निदान सबब होती, सहज करता येईल अशी चाचणीच नव्हती. १२३ वर्षांनी चाचणी होती, तरी आपण आधी तोच जुना कायदा काढला. आणि हा वऱ्हाडाचाच दोष, असंही समजू नका. ऑस्ट्रेलियातल्या कूलंगट्टा आणि ट्वीड हेड्स या जोडगावांमध्ये राज्यांची सीमा बंद झाली, तर घरची माणसं रस्त्यावरच्या प्लास्टिकच्या अडसराच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसली. त्यांनाही धुरा कळला.

गंमत पुढं आहे. २० ऑगस्टला जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी सुरू झाली, बिनापासाची. पण स्वतःच्या गाडीनं जायचं तर सप्टेंबर उजाडेपर्यंत ई-पास हवाच होता. एसटीत बऱ्याच जणांबरोबर बसलेला विषाणू सज्जन आणि मोटारीतला एकटा संशयित, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

मग फेब्रुवारी २०२१. अवघा देश साथ संपली म्हणून मोकळा होत होता तेव्हा अमरावती, अचलपूर पुन्हा पेटले. २२ फेब्रुवारीच्या रात्री आपण बंद झालो, ते ८ मार्चपर्यंत. विषाणू बदलला आहे का, हे नमुन्यांच्या जनुकीय तपासणीतूनच कळणार होतं. दुहेरी बदलाचं अधिकृत निवेदन दिल्लीहून आलं २४ मार्चला. तोवर आपली दुकानं उघडून दोन आठवडे झाले होते. त्याच कुळातल्या एका भावाला पुढं जगानं डेल्टा नाव दिलं. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना शेजारची राज्यं रिपोर्ट मागू लागली, मध्य प्रदेशानं मार्चमध्ये बसगाड्याच थांबवल्या. पुन्हा रस्ता आधी, उत्तर मागून.

आता लिहिणाऱ्यांकडं वळतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे आपल्याला प्लेगची छावणी आतून दिसते, सरकारी अहवालातून ती तशी दिसत नाही. राष्ट्रसंतांनी ग्रामगीतेत ग्रामआरोग्याला अख्खा अध्याय दिला. आपल्या वऱ्हाडीत या साथीचं असं काय आहे? गावोगावच्या आशाताईंच्या वह्या आहेत. दारोदार फिरून त्यांनी ताप, खोकला, आला-गेला असं सगळं टिपलं. त्यातल्या कित्येक वह्या एव्हाना रद्दीत गेल्या असतील. माझ्या एका मित्रानं अशी एक पाहिली, तर ‘रिपोर्ट’च्या रकान्यात पानभर नुसत्या आडव्या रेघा होत्या. त्या रेघांवर कथा लिहायची माझी हिंमत झालेली नाही. तरुणांपैकी कुणी लिहा.

एक पाहिलेलं सांगून थांबतो. कविसंमेलनवाले मघापासून घड्याळ दाखवून राह्यले.

आमच्या शेजारच्या काकूंची लेक नेर तालुक्यात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते एप्रिलमध्ये सासरीच झालं. काकूंचं वावर अगदी सीमेवर. धुऱ्यावर उभं राहिलं की लेकीच्या सासरची टिनं चमकताना दिसत. नाक्यावर त्या पोलिसाला म्हणाल्या, “पोरीचं घर दिसून राह्यलं, अन् जाऊ देत नाही काहून?” तो पोरगाच होता, त्यानं मान खाली घातली. मग जावयाला फोन झाला. काकूंनी डिंकाच्या लाडवांचा डबा धुऱ्यावरच्या निंबाखाली ठेवला आणि वीस पावलं मागं सरल्या. पलीकडून जावई आला, डबा उचलला, त्याच्या जागी धुतलेला रिकामा डबा ठेवला आणि तोही मागं सरला. रिकाम्या डब्यात बाळाचं पहिलं झबलं होतं, न धुतलेलं, आजीनं वास घ्यावा म्हणून.