फेडलं खरं, पण नोंदलं कुठे?

मनिलातल्या एखाद्या वस्तीत घराच्या खिडकीतूनच चालणारं दुकान असतं. सारी-सारी म्हणतात त्याला. शाम्पूची पुडी, सुटी सिगारेट, थोडंसं तेल, असा माल. दुकान चालवणारी बाई भांडवल आणते 'पाच-सहा'वाल्याकडून. पाच हजार पेसो घ्यायचे आणि सहा हजार परत करायचे. समजा, रोज शंभर याप्रमाणे साठ दिवस. वर्षाचं व्याज काढायला बसलात तर डोळे पांढरे होतील. पण हा सावकार ना तारण मागत, ना कागद. मोटरसायकलवरून दारात येतो, आणि पुष्कळदा तो भारतीय असतो. लोक त्याला 'बुंबाय' म्हणतात, असतो मात्र बहुतेक पंजाबी.

या बाईने वर्षानुवर्षं एकही हप्ता चुकवला नाही असं धरू. तरी तिला क्रेडिट स्कोअर नाही. कमी आहे असं नव्हे, मुळात नाहीच! पालुवागान, म्हणजे आपली भिशी, त्यातही ती चोख असेल. त्याचीही नोंद कुठे नाही.

नोंद होते ती अशी. 2008 साली फिलिपिन्सने प्रजासत्ताक कायदा क्रमांक 9510 केला आणि क्रेडिट इन्फर्मेशन कॉर्पोरेशन ही सरकारी संस्था निघाली. बँका, कार्ड कंपन्या, सहकारी संस्था, छोटी कर्जं देणाऱ्या संस्था, सगळ्यांनी आपल्या कर्जदारांची माहिती तिथे पाठवायची. थकबाकीची तशीच वेळेवर फेडल्याचीही. तिथून ती घेऊन सिबी, ट्रान्सयुनियन अशा खासगी कंपन्या अहवाल बनवतात, गुण म्हणजेच क्रेडिट स्कोअर देतात. (सिबी म्हणजे आपलं सिबिल नव्हे, ती कंपनी वेगळी.) सिबीचे गुण 300 ते 850.

गुण वाढतात ते कर्ज घेऊन वेळेवर फेडल्याने. बचतखात्यात पैसे पडून आहेत, दुबईहून भाऊ दर महिन्याला पाठवतो, याने गुण हलत नाहीत. म्हणजे आयुष्यभर कर्जाला शिवला नाही तो माणूस या हिशेबात अनोळखी! मला हे कायम उलटं वाटत आलं आहे. पण बँकेला तुमचा स्वभाव कळत नाही, हप्त्यांच्या तारखा तेवढ्या कळतात.

हल्ली जीकॅशसारखं मोबाइल पाकीट आपला वेगळा गुण देतं. बिलं भरा, पैसे फिरवा, जी-स्कोअर वाढतो, आणि ॲपमध्येच कर्ज मिळतं. सोय आहे, पण हा गुण त्या ॲपपुरताच चालणारा.

दुकानवाल्या बाईने सुरुवात करावी ती सहकारी संस्थेच्या छोट्या कर्जापासून, आणि घेण्याआधीच विचारावं: माझी फेड कॉर्पोरेशनला कळवता ना? आणखी एक. बहिणीच्या नावावर हप्त्याने मोबाइल घेणारे भाऊ तिथेही आहेत. हप्ता भावाने बुडवला तरी डाग लागतो बहिणीला, कारण सही तिची. स्वतःचा अहवाल मागवण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क कायद्याने तिला आहे. चूक नसेल, खरीच थकबाकी असेल, तर ती फेडल्यानंतरही वाईट नोंद जास्तीत जास्त तीन वर्षं राहू शकते. मग ती काढावीच लागते.