जनरेटरचा लगाम: हातात की यंत्रात?

शहाडमध्ये वीज गेली, की सोसायटीतला डिझेल जनरेटर धडधडतो. लिफ्ट सुरू होते, दिवे क्षणभर मंदावतात आणि पुन्हा सावरतात. हे सावरण्याचं काम मुख्यतः एव्हीआर, म्हणजे ऑटोमॅटिक व्होल्टेज रेग्युलेटर, नावाचं छोटं कार्ड करतं.

जनरेटरच्या फिरत्या चुंबकाला डीसी प्रवाह द्यावा लागतो. त्याला म्हणतात फील्ड करंट. लोड वाढला की व्होल्टेज घसरतं आणि हा प्रवाह वाढवावा लागतो. पूर्वी हे काम माणूस हाताने करायचा. शहाडहून दोन स्टेशनांवर ठाकुर्ली आहे. तिथलं चोळा वीजघर जीआयपी रेल्वेने विजेच्या गाड्यांसाठी उभारलं. त्या पिढीच्या वीजघरांत पॅनेलवर फील्ड करंट कमी-जास्त करणाऱ्या ऱ्हिओस्टॅटचं चक्र असे. ऑपरेटर व्होल्टमीटरवर डोळा ठेवून ते फिरवी. माणूस कितीही तरबेज असो, एव्हीआरइतका चपळ नसतो.

मग मोठ्या वीजघरांत मॅन्युअल, म्हणजे हाताने फील्ड ठरवण्याची सोय, अजून कशाला? समजा, व्होल्टेज मोजणाऱ्या पीटीचा (पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज उडाला. एव्हीआरला वाटतं व्होल्टेजच नाही आणि तो फील्ड वाढवत सुटतो! म्हणून आधुनिक यंत्रणा असा दोष ओळखून आपणहून मॅन्युअलवर जाते. तिथे फील्ड करंट ठरवलेल्या आकड्यावर स्थिर राहतो. लोड बदलला तर पाहायचं ऑपरेटरनेच. मशीन ग्रिडला जोडलेलं असेल, तर फील्ड बदलल्याने व्होल्टेजपेक्षा रिॲक्टिव्ह पॉवरच, म्हणजे प्रत्यक्ष काम न करता ये-जा करणारी पॉवर, जास्त हलते.

जुन्या पॅनेलवर ऑटोवरून मॅन्युअलवर येताना आधी दोन्हींतला फरक दाखवणाऱ्या बॅलन्स मीटरचा काटा शून्यावर आणायचा, मगच स्विच फिरवायचा. नाहीतर व्होल्टेजला झटका बसलाच.