गांजा, कायदा आणि लोकमत
(दिवा येथे आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने या विषयावर बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत पाढे आणि शुद्धलेखन शिकविलेला मनुष्य. गांजासंबंधी बोलण्याचा माझा अधिकार तो कोणता? परंतु आजच्या कार्यक्रमपत्रिकेवरील सातवा ठराव वाचला आणि बोलणे प्राप्त झाले. ठराव असा की, ज्या विद्यार्थ्यावर गांजा बाळगल्याचा अथवा ओढल्याचा गुन्हा नोंदला जाईल, त्याची शिष्यवृत्ती तत्काळ बंद करावी आणि त्यास पुन्हा कधीही संस्थेचे साहाय्य देऊ नये. हा ठराव कोणत्या मुलावरून आला हे या सभागृहात सर्वांस ठाऊक आहे. मी त्याचे नाव घेणार नाही. आपणही घेऊ नये, ही विनंती.

संध्याकाळी आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळी दिवा स्थानकाबाहेर भेटतो. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसास पंचवीस ग्रॅम गांजा जवळ बाळगण्यास मुभा दिली, ही बातमी आली तेव्हा त्या बैठकीत जे वादळ उठले ते अजून पुरते शमलेले नाही. एकाचे म्हणणे, ही तर शंकराची बुटी, आपल्याकडे साधू-बैरागी पिढ्यान् पिढ्या ओढीत आले, गोऱ्यांना आज अक्कल सुचली. दुसऱ्याचे म्हणणे, ओढणाऱ्यास चौकात फटके मारावेत. तिसरे गृहस्थ हिशेबी. ते म्हणाले, सरकारने दुकाने काढावीत, कर घ्यावा आणि त्या पैशातून आमचा पूल पुरा करावा. (दिव्यात कोणत्याही विषयाची चर्चा अखेर फाटक आणि पूल यांवर येते, हे आपण जाणताच.) मला मात्र चाळीतील एका बाईचा प्रश्न विसरता येत नाही. तिने मला वाटेत थांबवून विचारले, "गुरुजी, आता गांजा सरकारी दुकानात मिळणार म्हणतात, खरं का? मग माझ्या पोराला मी कोणत्या तोंडानं अडवू?"

बाईंना मी सांगितले ते आपणासही सांगतो. आपल्या देशात तसे काहीही झालेले नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारूबरोबर मादक द्रव्यांवरही निर्बंध घातले. पुढे १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा लागू झाला. त्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पाने आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणून काही प्रांतांत भांगेची परवान्याची दुकाने आजही दिसतात. गांजा एक किलोपर्यंत सापडला तर ते अल्प प्रमाण आणि शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोंच्या वर गेला की दहा वर्षांहून कमी शिक्षा नाही. अर्थात कायद्याने खिशातील पुडी आणि गोदामातील पोती यांत भेद केलेला आहे. आपला सातवा ठराव तो भेद करीत नाही.

या विषयावर लोकांना विचारण्याचा सर्वांत मोठा उद्योग आपल्या देशात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी झाला, हे थोड्यांस ठाऊक असेल. १८९३ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटात केन नावाच्या मद्यपानविरोधी सभासदाने बंगालमधील गांजाविषयी प्रश्न विचारला. त्यातून मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि त्याची चौकशी साऱ्या हिंदुस्थानास लागू झाली. आयोगाने ११९३ साक्षीदारांची मते घेतली. त्यांत अधिकारी होते, डॉक्टर होते, जमीनदार, मिशनरी आणि व्यापारीही होते. आपल्या मुंबई इलाख्यात या पिकाचे मुख्य ठिकाण अहमदनगर जिल्हा, आजचे अहिल्यानगर. त्यामुळे चौकशी आपल्याही दारात आली होती. आयोगाने विचारले: बंदी केली तर असंतोष होईल काय? तो राज्यास धोकादायक ठरेल काय? लोक गांजा सोडून दारूकडे वळतील काय? प्रश्न वाचताना वाटते, आमच्या स्थानकाबाहेरच्या बैठकीतीलच कोणी ते लिहून दिले असावेत!

१८९४ मध्ये अहवाल आला. त्याचा निष्कर्ष असा की बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. सरसकट बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही. कर वाढवावा, परवाने मोजके द्यावेत, जवळ बाळगण्यास मर्यादा घालावी. हा अहवाल आजकाल गांजाच्या पुरस्कर्त्यांच्या हाती ढालीसारखा असतो. मी तसा वापर करणार नाही. परकीय सरकारला कराचे उत्पन्न प्रिय होते, हे विसरून चालणार नाही. शिवाय कोवळ्या वयात नित्य गांजा ओढल्याने मनोविकाराचा धोका वाढतो, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते, आणि आपला प्रश्न कोवळ्या वयाचाच आहे.

परंतु त्या अहवालातील एक भाग प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. १८९२ साली वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून भांग, गांजा, चरस यांची नोंद होती. आयोगाने एकेक प्रकरण उकलून पाहिले, तेव्हा ९८ प्रकरणांतच तसे म्हणण्यास आधार सापडला. मग इतरांच्या नावापुढे ते कारण आले कोठून? रोग्यासोबत येणाऱ्या कागदावर कारणाचा रकाना होता, तो भरणे भाग होते. आणलेल्या शिपायास खरे कारण ठाऊक नसे आणि गांजा हे सोयीचे उत्तर होते.

बंधूंनो, रकाना भरण्याचे हे पाप माझ्याही हातून घडले आहे. १९९० नंतरची गोष्ट. सातवीतला एक मुलगा शाळा सोडून जात होता. खाडीच्या बाजूस रुळांपलीकडे काही पोरे गांजा ओढीत बसतात आणि हा त्यांत असतो, असे कोणी तरी मला सांगितले. मी मुलास विचारले नाही, त्याच्या बापास बोलाविले नाही. दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात 'असमाधानकारक' असा शब्द लिहिला. माझे अक्षर चांगले आहे. तो शब्दही वळणदार उतरला असणार. पुढल्या शाळेने तो दाखला पाहून मुलास परत पाठविले. २०११ च्या सुमारास कल्याणच्या बाजारात पाठीवर पोते घेतलेल्या एका मनुष्याने मला ओळखून नमस्कार केला. पोते खाली ठेवले, घाम पुसला आणि म्हणाला, "गुरुजी, मी तेव्हा विडीसुद्धा ओढत नव्हतो." एवढे बोलून त्याने पोते उचलले. मी त्यास काय उत्तर दिले असेल? काहीच नाही.

असो. बाहेरच्या जगाचे थोडक्यात सांगतो. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजा खुला केला. थायलंडने जून २०२२ मध्ये निर्बंध उठविले आणि तीन वर्षांतच वैद्याच्या चिठ्ठीवाचून विक्री नको असे ठरविले. आपल्याकडे ऑगस्ट २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने, कोणत्याच पिकास भाव मिळत नाही म्हणून दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. लोक हसले, मला त्या अर्जात हसण्यासारखे काही दिसले नाही. त्याने गांजाची थोरवी गायिली नव्हती, शेतीचे गणित मांडले होते.

बंदी घालून उठविली म्हणजे काय होते, हे चंद्रपूरकरांनी पाहिले. तेथे स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१५ मध्ये दारूबंदी झाली, २०२१ मध्ये ती उठली. अवैध धंदा फोफावला असे एक बाजू म्हणाली. आमच्या घरातली भांडी पुन्हा विकली जाणार, असे बायका म्हणाल्या. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. म्हणूनच माझे मत स्पष्ट सांगतो: गांजाची दुकाने उघडावीत असे मला वाटत नाही. त्या चाळीतील बाईस मी दुसरे तोंड दाखवू शकत नाही. परंतु दुकान नको म्हणणे आणि मुलगा नको म्हणणे या दोन गोष्टी एका ठरावात घालू नयेत.

खुद्द कायदा काय म्हणतो पाहा. त्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, अल्प प्रमाणाच्या प्रकरणातील व्यसनी मनुष्य आपण होऊन सरकारमान्य ठिकाणी उपचारास गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार पुरा केला पाहिजे. सरकार ज्यास ही वाट देते त्यास त्याची ज्ञाती देणार नाही काय? आणि ठरावातील 'गुन्हा नोंदला जाईल' हे शब्द पुन्हा वाचा. दोष सिद्ध होण्याची वाट पाहण्याचीही आपली तयारी नाही. पोलिसांच्या वहीतील एक ओळ आली की आपण आपला रकाना भरून मोकळे!

सबब मी पुढील दुरुस्ती मांडतो. 'गुन्हा नोंदला जाईल' याऐवजी 'न्यायालयात दोष सिद्ध होईल' असे शब्द घालावेत. अल्प प्रमाणाच्या प्रकरणी शिष्यवृत्ती बंद न करता, विद्यार्थ्याने उपचार घ्यावा आणि पालकाने दरमहा चिटणिसांस भेटावे अशी अट असावी. 'पुन्हा कधीही' हे दोन शब्द गाळावेत. विक्री करणाऱ्यास मात्र काहीही सवलत नको. तेथे मूळ ठराव आहे तसा मला मान्य आहे. चिटणिसांस त्या भेटींचा व्याप होईल, ही अडचण मी जाणतो. कोणी पुढे येत नसल्यास पहिले वर्षभर ते काम मी करीन. माझ्या घरी दुपारी तीननंतर केव्हाही यावे.

दुरुस्तीस अनुमोदन देणाऱ्या सभासदाने कृपया उभे राहावे.