वैमानिकाचा परवाना : अधिकार आणि जबाबदारी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि उभे आयुष्य खडू-फळ्यात घालविलेल्या शिक्षकाने वैमानिकांच्या परवान्यांवर बोलावे, हे ऐकून आपणांपैकी काहींना हसू येईल. विमानात आम्ही एकदाच बसलो, तेही प्रवासी म्हणून. तथापि या विषयाचे एक ऋण आमच्या माथी आहे आणि ते आज आपल्यासमक्ष फेडावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी विमानविद्या शिकावयास निघाला. वडील शेतकरी, इंग्रजीचा गंध नाही. शिक्षणसंस्थेचे माहितीपत्रक घेऊन ते आमच्याकडे आले व म्हणाले, "गुरुजी, एवढे वाचून सांगा." खाजगी वैमानिकाचा परवाना मिळेल, असे त्यात लिहिले होते. "खाजगी म्हणजे काय हो?" असे त्यांनी विचारले. आम्ही क्षणभरही न थांबता उत्तर दिले, "खाजगी कंपनीची विमाने चालविण्याचा परवाना. सरकारी नसली तरी नोकरी ती नोकरीच." त्या भरवशावर दीड एकर जमीन विकली गेली. मुलगा परवाना घेऊन परत आला. मंडळाने त्यास शाल व श्रीफळ दिले. सत्काराचे भाषणही आम्हीच केले. त्यानंतर वडील कित्येक महिने नेमणुकीच्या पत्राची वाट पाहत राहिले. अखेर एके सायंकाळी मुलानेच त्यांना सांगितले की, या परवान्यावर एक रुपयाही मिळविता येत नाही. त्याने आमचे नाव घेतले नाही. घेतले असते तर आम्हांस बरे वाटले असते.

ही हकीकत त्या मुलाच्या संमतीनेच आम्ही येथे सांगत आहो. त्या दिवसापासून आम्ही पुन्हा विद्यार्थी झालो आणि जे आधी वाचावयास हवे होते ते मागाहून वाचले. त्याचे सार असे.

वैमानिकाचा परवाना हा एकच कागद नव्हे. ती पायऱ्यापायऱ्यांची शिडी आहे. आपल्या देशात तिची चौकट १९३७ सालच्या विमान नियमांनी घातली. नियम वेळोवेळी बदलत गेले आणि परवाने देण्याचे काम आज नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे.

पहिली पायरी शिकाऊ परवान्याची. त्यासाठी वयाची सोळा वर्षे पुरी असावी लागतात व दहावीपर्यंतचे शिक्षण पुरते. मोटारीच्या शिकाऊ चालकाशेजारी जाणता माणूस बसलेला असतो. येथे मात्र गुरू एके दिवशी विमानातून खाली उतरतो आणि शिष्याला एकट्याला आकाशात धाडतो. तरीही ते उड्डाण गुरूच्या अनुमतीने व देखरेखीखालीच व्हावयाचे, आणि दुसरा कोणीही माणूस सोबत न्यावयाचा नाही. म्हणजे या पायरीवर वैमानिकाच्या हाती फक्त त्याचा स्वतःचा जीव सोपविलेला असतो.

दुसरी पायरी खाजगी परवान्याची; आम्ही ठेचाळलो ती हीच. वय किमान सतरा, शिक्षण पुन्हा दहावी, आणि किमान चाळीस तासांचे उड्डाण. त्यांपैकी काही तास एकट्याने केलेले. हा परवाना मिळाला की वैमानिक आप्तेष्टांना विमानातून नेऊ शकतो. परंतु भाडे घ्यावयाचे नाही आणि पगारही घ्यावयाचा नाही. रात्री उडावयाचे तर त्याची निराळी पात्रता परवान्यावर नोंदवून घ्यावी लागते. खाजगी हा शब्द कंपनीस लागू नसून उड्डाणाच्या हेतूस लागू आहे. स्वतःच्या हौसेसाठी व उपयोगासाठी, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून हा परवाना कमी प्रतीचा, असे मात्र कोणी समजू नये. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला परवाना जे. आर. डी. टाटा यांस मिळाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनीच कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या धावपट्टीवर विमान आणले. श्रीमती सरला ठकराल यांनी १९३६ साली त्या काळचा 'अ' परवाना मिळविला आणि हजार तासांचे उड्डाण केले. पुढे व्यावसायिक वैमानिक होण्यासाठी त्या शिकू लागल्या, तोच दुसरे महायुद्ध उभे राहिले व नागरी वैमानिकांचे शिक्षण थांबले. हजार तास आकाशात काढूनही त्यांची ती वरची पायरी राहिली ती राहिलीच. केवळ तास भरले म्हणजे अधिकार येतो असे नाही, हे यावरून ध्यानी यावे.

तिसरी पायरी व्यावसायिक परवान्याची. वय किमान अठरा आणि उड्डाण किमान दोनशे तास. त्यांत शंभर तास विमानाचे प्रमुखपद सांभाळून केलेले असावे लागतात. दूरच्या पल्ल्याचे, रात्रीचे आणि केवळ यंत्रांवर नजर ठेवून केलेले उड्डाणही त्यात यावे लागते. येथून पुढे वैमानिकास मोबदला घेता येतो. लहान, एकाच वैमानिकाने चालविण्याजोगे विमान तो प्रमुख म्हणून नेऊ शकतो. मोठ्या प्रवासी विमानात मात्र सहवैमानिक म्हणून उजव्या आसनावर बसतो. तेवढ्यानेही भागत नाही. ज्या जातीचे विमान चालवावयाचे, तिचे स्वतंत्र शिक्षण घेऊन तशी नोंद करून घ्यावी लागते. त्याचा खर्च निराळा, आणि नोकरीची हमी परवाना देत नाही.

चौथी पायरी विमान कंपनीच्या वैमानिकाची. वय किमान एकवीस, उड्डाण किमान दीड हजार तास. हा परवाना असेल त्यालाच मोठ्या प्रवासी विमानाचे प्रमुखपद, म्हणजे डावे आसन, मिळू शकते. नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्त्याहून सिलचरला विमान नेले. त्या विमानातील सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या. आपल्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

आता या चारही पायऱ्या एकत्र पाहा. पहिल्या पायरीवर स्वतःचा जीव. दुसरीवर विश्वासाने बसलेल्या आप्तांचा. तिसरीवर पैसे मोजणाऱ्या परक्यांचा. चौथीवर शेकडो अनोळखी कुटुंबांचा. प्रत्येक परवाना मनुष्यास एवढेच विचारतो की, किती जणांचे प्राण तुझ्या हाती द्यावे? म्हणून परवाना एकदा मिळाला म्हणजे जन्माचा झाला असेही नाही. वैद्यकीय तपासणी पुनःपुन्हा द्यावी लागते, आणि प्रकृती बिघडली तर अनुभवी कॅप्टनासही खाली उतरून बसावे लागते.

आणि याच मापाने पाहता, ज्याचे वाक्य ऐकून एक बाप जमीन विकतो, त्या शिक्षकाच्या हातीही काही सोपविलेले असतेच. अर्थ ठाऊक नसता तो सांगण्याचा परवाना आम्हांस कोणी दिला होता?

आज बारामती, धुळे, गोंदिया येथे शिकाऊ विमाने उडतात आणि आपल्या समाजातील मुलामुलींचे डोळे तिकडे लागलेले आहेत. त्यांना मागे ओढावे असे आम्ही म्हणत नाही. मंडळाच्या शिक्षण साहाय्य समितीस मात्र आमची विनंती आहे. विमानविद्येसाठी कोणी कर्ज मागावयास आला, तर त्यास तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या परवान्यासाठी पैसे भरतोस? शेवटच्या पायरीपर्यंतचा एकूण खर्च किती? आणि व्यावसायिक वैमानिकास लागणारी पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी फी भरण्याआधी करून घेतलीस काय? या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाल्यावाचून कोणाचेही शेत विकू देऊ नये.

आमचा तो विद्यार्थी आज एका विमानतळावर जमिनीवरचे काम करतो आणि पगारातून बचत करून उरलेले तास पुरे करीत आहे. गेल्या दिवाळीत तो घरी आला, तेव्हा त्याने आपले लॉगबुक आमच्यापुढे ठेवले व म्हणाला, "गुरुजी, एकशे बारा झाले." अठ्ठ्याऐंशी अजून उरले आहेत. मंडळाने साहाय्याचा पहिला हप्ता त्यास द्यावा, अशी आमची प्रार्थना आहे; त्यात आमच्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम आम्ही आजच जमा करीत आहो.