पानाचा अर्क आणि कोरा रकाना
(आष्टा येथील बैठकीतील भाषण)



आष्ट्यात औषधशास्त्राचं कॉलेज आहे. पानांची तपासणी कशी करतात ते आम्ही आधी सांगतो. पान वाळवून कुटतात, अल्कोहोलात भिजवून अर्क काढतात. तो डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात टाकतात. जांभळा रंग जाऊन पिवळा झाला, की पानात अँटिऑक्सिडंट आहे असं म्हणतात. आपल्या अंगात फ्री रॅडिकल म्हणून मोकाट कण तयार होतात, धुराने, तंबाखूने वाढतात, पेशींना इजा करतात. त्यांना हे द्रव्य आवरतं. पण नळीतला रंग उडाला म्हणजे माणसाचा रोग गेला असं नव्हे. त्या नावाने कोणी बाटली विकायला आला तर फसू नका.

आता अडुळसा घ्या. त्याच्या पानातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्झीन हे खोकल्याचं औषध निघालं. खोकल्याला हेच पान चालतं हे कोणी हुडकलं? म्हाताऱ्याकोताऱ्यांनीच ना! पाकिटावर त्यांचं नाव नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यात, कलम ३(१) मध्ये, जैवविविधतेच्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क लिहिलाय. सामूहिक दाव्याच्या फॉर्मात त्याचा रकाना आहे. आम्ही चराई, सरपण, मध सगळं भरलं आणि तोच कोरा सोडला! चूक आमचीच.

पुढच्या ग्रामसभेत पाला देणाऱ्या आजीला पुढे बसवा. झाडाचं नाव, जागा, हंगाम लिहा. मात्रा आणि मिश्रण वहीत घालायचं की नाही, ते तिलाच ठरवू द्या.