तळ सांगतो, पाणी ऐकतं



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचं नाव ‘समुद्राची रहस्यं’ असं छापलंय. मी कळवलेला विषय होता ‘उंचसखल तळ आणि खळबळते भोवरे’. संयोजक म्हणाले, या नावाला कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. (हशा) काल नाट्यसंगीतावर व्याख्यान होतं, तेव्हा बाहेर सतरंज्या टाकाव्या लागल्या म्हणे. आज पुढच्या दोन रांगा मोकळ्या आहेत. ज्यांना पंख्याखाली बसायचंय त्यांनी खुशाल पुढे यावं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच उठून जाणाऱ्यांचं नुकसान नको. वाटेत उंचवटा आला की प्रवाह विस्कटतो, असं आपण धरून चालतो. ओढ्यातल्या धोंड्यापाशी ते खरंही आहे. पण शेकडो किलोमीटर पसरलेलं पाणी फिरत्या पृथ्वीवर वाहत असतं, तेव्हा तळाची टेकडी त्या खळबळीला चक्क वळण लावते. टेकडी पाच किलोमीटर खोल असली तरी.

पृथ्वी फिरते, त्यामुळे वारे वळतात वगैरे तुमचं शाळेत झालेलं आहे, ते सोडून देतो. (सभागृहातून : ‘विसरलो!’) विसरलात तरी बिघडत नाही. तळापासून वरपर्यंत पाण्याचा एक उभा खांब डोळ्यांसमोर आणा. पृथ्वीबरोबर तोही गरगरतोय. टेकडीवर चढला की तो दबून पसरतो आणि त्याची गरगर मंदावते. उतरला की ताणून बारीक होतो आणि गरगर वाढते. फुगडी घालणाऱ्या दोघी जवळ सरकल्या की वेग वाढतो ना, तसंच.

म्हणून असा खांब शक्यतो टेकडी चढतच नाही, तिला वळसा घालतो, आणि तळापासून वरपर्यंत सगळा एकदम वळतो. हे कागदावर आधीच आलं होतं, प्राउडमननं 1916 साली मांडलं होतं. केंब्रिजच्या जी. आय. टेलरला ते डोळ्यांनी बघायचं होतं. त्यानं पाण्याची टाकी फिरती ठेवली, तळाशी एक बुटका दंडगोल हळूहळू सरकवला आणि त्याच्या बऱ्याच वर, मोकळ्या पाण्यात रंग सोडला. रंग सरळ जायला हवा होता, कारण तिथं अडवायला काहीच नव्हतं. पण तो दुभंगला आणि दोन बाजूंनी निघून गेला. जणू त्या बुटक्या दंडगोलाचा अदृश्य खांब वरपर्यंत उभा होता! हे 1923 मध्ये छापून आलं.

टेलर हा माणूसच अफाट. टायटॅनिक बुडाली त्याच्या पुढच्या वर्षी हिमनगांवर नजर ठेवायला ‘स्कोशिया’ नावाचं जहाज उत्तर अटलांटिकवर धाडलं, त्यावर हा हवामानतज्ज्ञ म्हणून होता. तिथं पतंग उडवून वरच्या हवेचं तापमान घेत होता, हवेतली खळबळ समजावी म्हणून. संक्रांतीला तुम्ही-आम्ही काटाकाटी करतो, याची शास्त्रात भर. (हशा) शिडाच्या होडीचा नाद होता, म्हणून पुढे नांगरही तयार केला, नांगराच्या फाळासारखा तळात रुतणारा. पुन्हा तळच बघा! आणि गंमत ऐका. त्याचे आजोबा जॉर्ज बूल, ज्यांच्या बीजगणितावर तुमच्या खिशातला फोन चालतो. आजी मेरी एव्हरेस्ट. त्या आजीचे काका कोण? सर जॉर्ज एव्हरेस्ट! हिंदुस्थानची जमीन मोजण्यात ज्यांची उमेद गेली, शिखराला ज्यांचं नाव आहे, ते. त्यांच्याच गोतात हा...

चिठ्ठी आली आहे. ‘वीस मिनिटं उरली’ असं लिहिलंय. कबूल. टेलर आवरतो.

आता खरी टेकडी. अर्जेंटिनाच्या पूर्वेला, दक्षिण अटलांटिकच्या तळाशी, झापिओला नावाचा उंचवटा आहे. आजूबाजूच्या तळापेक्षा सुमारे एक किलोमीटर उंच, आणि तरी माथ्यावर कित्येक किलोमीटर पाणी. उत्तरेकडून ब्राझीलचा उष्ण प्रवाह, दक्षिणेकडून माल्विनासचा थंड प्रवाह जवळच भिडतात. जगातल्या अत्यंत खळबळीच्या पाण्यांत या भागाची गणना होते, जिकडे तिकडे भोवरे. अशा दंग्यात एक प्रचंड भोवरा त्या टेकडीवर ठाण मांडून फिरतोय, घड्याळाच्या उलट दिशेनं. सॉन्डर्स आणि किंग यांनी 1995 मध्ये हिशेब मांडला : सेकंदाला 10 कोटी घनमीटरपेक्षा जास्त पाणी. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात सोडतात त्याच्या कितीतरी पट!

त्याला फिरवतं कोण? मला यातच सगळा रस आहे. वारा नव्हे, तो दंगाच फिरवतो. येणारा-जाणारा भोवरा पाण्याचे खांब टेकडीवर ढकलतो, खाली ओढतो. जो चढतो त्याच्या वाट्याला उलटी गरगर येते. असे असंख्य धक्के एकमेकांना खोडून काढत नाहीत, त्यांची टेकडीभोवती बेरीज होते. भोवरे दिशाहीन, पण तळाला दिशा आहे. ब्रेथर्टन आणि हैडव्होगेल यांनी 1976 मध्ये दाखवून दिलं होतं की उंचसखल तळावरची अशी खळबळ शेवटी समान खोलीच्या रेषा धरून वाहू लागते. आणखी एक : ही टेकडी गाळाची आहे. प्रवाहांनीच माती आणून रचलेली, आणि आता तीच पाण्याला फिरवते.

मागून कोणीतरी ‘आम्हाला काय त्याचं?’ म्हणालं. रास्त आहे, पण जरा ऐका. (हशा) हवामानाचं भाकीत करणाऱ्या संगणकाला लहान भोवरे दिसत नाहीत. मग तळाचा हा रेटा त्यातून गळतो आणि प्रवाह चुकीच्या बाजूला जातात. ग्रेग हॉलोवे यांनी 1992 मध्ये तो रेटा वेगळा घालायला सुचवलं. आणि आपला पाऊस? नैऋत्येचा वारा विषुववृत्त ओलांडतो तो केनिया-इथिओपियाच्या उंच पठारांच्या कडेनं, दीडेक किलोमीटर उंचीवर. फिंडलेटर यांनी 1969 मध्ये तो झोत दाखवला. कोकणात छत्री उघडताना सह्याद्रीचं श्रेय द्या, आफ्रिकेच्या डोंगरांचंही द्या.

पाच मिनिटं? दोन पुरेत. गुरूवरच्या तांबड्या डागाखालीही अशीच टेकडी असेल, असं रेमंड हाइड यांनी 1961 मध्ये सुचवलं. कल्पना देखणी होती, पण गुरूला घट्ट तळच नाही, त्यामुळे ती टिकली नाही. तळाचं वेड लागलं की असं होतं. (टाळ्या)

तरी हट्ट सोडत नाही. आधी तळ मोजा, मग पाण्याबद्दल बोला. जगाच्या समुद्रतळाचा जहाजांनी प्रत्यक्ष मोजून केलेला नकाशा अजून पाव भागाच्या जरासाच पुढे गेलाय. 2030 पर्यंत तो पुरा करण्याची आंतरराष्ट्रीय मोहीम चालू आहे. आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावलला आहे. इथं दहावी-बारावीची मुलं बसली आहेत. त्यांच्या आईवडिलांना एवढंच सांगतो, मुलं जहाजावर जाऊन तळ मोजतो म्हणाली, तर अडवू नका.