गरोदरपणातील मधुमेह : रानात राबणाऱ्या बाईचीही तपासणी हवी

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



बियाणे, खते आणि बाजारभाव यांवर आपण सकाळपासून बरेच ऐकले. आता थोडा वेळ घरातील गरोदर बाईविषयी बोलू. विषय गरोदरपणातील मधुमेहाचा आहे. बंधूंनी उठून जाऊ नये. दवाखान्याचा दिवस कोणता आणि भांगलणीचा कोणता, हे पुष्कळ घरांत अजून पुरुषच ठरवतात.

"साखरेचा आजार बसून खाणाऱ्यांचा, दिवसभर राबणाऱ्या बाईला तो कुठून होणार?" असे गावात सर्रास म्हटले जाते. या समजुतीमुळे तपासणी राहून जाते. गरोदरपणी वारेतून काही हार्मोन्स आईच्या रक्तात उतरतात आणि त्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करून हे भरून काढते. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्या रक्तातील साखर वाढते. सुरुवातीला बाईला काहीच जाणवत नाही. ही साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचे इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचे इन्सुलिन वाढवते आणि अंगाने प्रमाणाबाहेर भरते. बाळंतपणात खांदा अडकणे, आईचा रक्तदाब वाढणे, क्वचित बाळ पोटातच दगावणे असे प्रसंग यातून ओढवतात. नाळ कापल्यावर साखर येणे थांबते, इन्सुलिन मात्र चालूच असते. म्हणून जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर पाजणे फार जरुरीचे आहे.

वय वाढलेले, वजन जास्त, आईवडिलांना किंवा भावंडांना मधुमेह, आधीचे मूल फार वजनदार किंवा मृत जन्मलेले, मागच्या खेपेला साखर वाढलेली, अशा स्त्रियांना धोका अधिक. परंतु यांतले काहीही नसताना साखर वाढू शकते.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. गरोदर राहण्यापूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते आणि बाळे सुमारे २.७ किलोची जन्मली. इंग्लंडच्या बाळांशी तुलना करता ही बाळे पुष्कळ लहान, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला बारीक असलेल्या अंगातही मधुमेहाची तयारी असू शकते. या मातांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही मोठ्या प्रमाणावर आढळली. म्हैसूरच्या अभ्यासात अशी कमतरता असलेल्या स्त्रियांत गरोदरपणातील मधुमेह जास्त दिसला, अर्थात त्यात वजनाचाही भाग होता. बी-१२ मिळते दूध, ताक, अंडी, मांस-मासळी यांतून. गोठ्यातले सगळे दूध डेअरीला घालून गरोदर सुनेला कोरा चहा देणारी घरे आपण पाहतो. एक पेला दूध तिच्यासाठी मागे ठेवल्याने हिशेब बिघडत नाही.

तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. साखर १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त आली, तर मधुमेह धरतात. यासाठी उपाशी जावे लागत नाही. सकाळच्या एस.टी.ने भाकरी खाऊन निघालेल्या बाईला परत पाठवू नये, म्हणूनच ही पद्धत आपल्या देशात स्वीकारली आहे. पहिल्या नोंदणीच्या वेळी एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा एकदा, अशी दोनदा तपासणी करावी. पहिली चांगली आली म्हणून दुसरी टाळू नये, कारण वारेचा जोर नंतरच वाढतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. ती तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवावी.

साखर वाढलेली निघाली तरी बाईला उपाशी ठेवू नये. थोडे थोडे, पण वेळेवर खावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, पालेभाजी, ताक हे आपल्या घरचेच जेवण चांगले. गूळ, खीर, उसाचा रस, डिंकाचे लाडू बंद करावेत. डोहाळजेवणाचा कौतुकाचा पेढाही एखादाच, ओटीत खण-नारळ मात्र भरपूर घाला! डॉक्टर मनाई करीत नसतील तर जेवणानंतर थोडे चालावे. दोन आठवड्यांनी जेवणानंतरची दोन तासांची साखर १२० किंवा त्याहून जास्त राहिली, तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिन सुरू करतात. इन्सुलिनने बाळाला अपाय होतो ही भीती बाळगू नये. बाळंतपण दवाखान्यातच करावे.

बाळंतपणानंतर साखर बहुधा उतरते, पण अशा स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका राहतो. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. या वेळी मात्र उपाशीपोटी जावे लागते. बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमारास येते. दोन्ही कामे एकाच खेपेत उरकावीत आणि त्यानंतर वर्षातून एकदा साखर पाहत राहावे.